हाताच्या एक्स-रेवरून मुलांच्या हाडांचं वय कसं वाचावं

दोन मुलगे. दोघेही दहा वर्षांचे, दोघांची उंची १२७ सेंटीमीटर, दोघेही आपापल्या वर्गात सगळ्यांत बुटके. एकाच्या हाडांचं वय आठ निघतं, दुसऱ्याचं दहा. पहिल्याची वाढ मागे रेंगाळली आहे, पण वाढायला त्याच्यापाशी अजून बरीच वर्षं आहेत. दुसऱ्यापाशी तेवढा अवधी नाही. नुसती उंची मोजून हा फरक कळत नाही. डाव्या हाताच्या एका एक्स-रेत तो दिसतो, म्हणून 'बोन एज' वाचायला नीट शिकणं गरजेचं आहे.

हा लेख रेडिऑलॉजी किंवा बालरोगशास्त्र नुकतंच शिकू लागलेल्यांसाठी आहे. मुलाचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या पालकांनाही त्यातलं बरंच समजेल. एक गोष्ट मला सुरुवातीलाच आग्रहाने सांगायची आहे: ॲटलास, म्हणजे वेगवेगळ्या वयांच्या प्रमाण एक्स-रेंचं पुस्तक, लगेच उघडू नका. मूल वाढीच्या कोणत्या टप्प्यात आहे ते आधी ठरवा आणि त्या टप्प्यात जी हाडं बदलत असतात त्यांच्याकडेच बारकाईने पाहा. नवशिक्यांच्या बहुतेक चुका पूर्ण हाताचं चित्र दुसऱ्या चित्राशी 'साधारण जुळतंय' म्हणून आकडा लिहून टाकण्यातून होतात.

आपण नेमकं काय मोजतो

जन्माच्या वेळी हाताच्या लांब हाडांचे दांडे तयार असतात, पण त्यांची टोकं आणि मनगटाची आठही हाडं सहसा कूर्चेची असतात. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. पुढे तिच्यात हाडाचा ठिपका उमटतो, तो मोठा होऊन विशिष्ट आकार घेतो आणि लांब हाडांच्या बाबतीत शेवटी दांड्याशी जुळून एक होतो. टोकाच्या या वेगळ्या तुकड्याला एपिफिसिस म्हणतात. तो आणि दांडा यांच्यामधली काळी पट्टी म्हणजे ग्रोथ प्लेट. उंची वाढते ती शरीरभरच्या अशा पट्ट्यांतून. हातातल्या पट्ट्यांची अवस्था पाहून आपण इतर ठिकाणच्या पट्ट्यांचा अंदाज बांधतो.

या पट्ट्या बंद करण्याचं मुख्य काम इस्ट्रोजेन हे स्त्रियांमध्ये जास्त असणारं संप्रेरक करतं, आणि ते मुलग्यांमध्येसुद्धा. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका रुग्णाच्या नोंदीने हे ठळकपणे दाखवून दिलं. पुरुष २८ वर्षांचा होता, उंची २०४ सेंटीमीटर, पण हाडांचं वय जेमतेम १५. त्याच्या शरीरात इस्ट्रोजेन होतं, मात्र त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पेशीत घेणारं प्रथिन, काम करत नव्हता, त्यामुळे पट्ट्या उघड्याच राहिल्या आणि तो वाढत राहिला. ज्या मुलीची पाळी फार लवकर येते ती आधी मैत्रिणींपेक्षा उंच दिसते आणि पुढे बुटकी का राहू शकते, याचं उत्तरही इथेच आहे. तिच्या पट्ट्या लवकर मिटतात.

आधी एक्स-रे तपासा

डावाच हात का? बहुतेक माणसं उजव्या हाताने काम करतात, त्यामुळे डाव्याला इजा होण्याची शक्यता कमी असते, आणि प्रमाण म्हणून वापरले जाणारे एक्स-रेही डाव्या हाताचेच आहेत. तळहात खाली टेकवलेला, बोटं किंचित फाकलेली, मधलं बोट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत, अंगठा नैसर्गिकपणे बाजूला: अशी ठेवण हवी. किरणांचा मध्य मधल्या बोटाच्या मेटाकार्पलच्या (तळहातातल्या लांब हाडाच्या) टोकावर येतो. बोटांची सगळी टोकं आणि मनगटाच्या खालचा रेडियस-अल्नाचा (कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांचा) काही भाग चित्रात असलाच पाहिजे.

बोटं दुमडलेली असतील तर एपिफिसिस दांड्यावर चढल्यासारखा दिसतो आणि उघडी ग्रोथ प्लेट मिटल्याचा भास होतो. अशा वेळी अंदाजाने वाचण्यापेक्षा एक्स-रे पुन्हा काढायला सांगणं बरं. पालकांना किरणांची काळजी वाटते, ती रास्तच आहे, पण इथे मात्रा अगदी कमी असते: ०.००१ मिलीसिव्हर्टपेक्षाही कमी. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मिळतात, म्हणजे हा एक्स-रे काही तासांच्या नैसर्गिक किरणांएवढाही नाही.

वय आणि लिंग कागदावर लिहा

जन्मतारीख आणि एक्स-रे काढल्याची तारीख यांतून वय वर्षं-महिन्यांत काढा. एक्स-रे वाचत आहात त्या दिवसाची तारीख धरू नका. जुना एक्स-रे असेल तर या चुकीने काही महिने सहज घुसतात.

लिंग दोनदा तपासा. मुलींची हाडं मुलग्यांपेक्षा लवकर परिपक्व होतात, आणि वयात येण्याच्या सुमारास हे अंतर जवळजवळ दोन वर्षांचं असतं. अंगठ्याच्या मुळाशी उमटणारं सेसमॉइड नावाचं चिमुकलं हाड मुलींमध्ये साधारण ११ व्या, तर मुलग्यांमध्ये १३ व्या वर्षाच्या आसपास दिसू लागतं. मुलीचा एक्स-रे मुलग्यांच्या पानांशी जुळवलात तर निष्कर्ष पूर्णपणे चुकेल, आणि आकडा मात्र पटण्यासारखा दिसेल.

अनेक जण मुलाचं खरं वय झाकून एक्स-रे वाचायला शिकवतात. मलाही तेच योग्य वाटतं. वय डोळ्यांसमोर असलं की नजर नकळत त्याच पानाकडे जाते. म्हणून वयाचा कागद झाकून ठेवा, आधी आपला आकडा लिहा, मग वय पाहा.

वय काढण्याआधी हात पाहा

हा भाग घाईत सुटतो, आणि खरा आजार नेमका इथेच हाती लागण्याची शक्यता असते. दांड्यांची टोकं वाटीसारखी खोलगट, रुंद आणि कडेला विसविशीत दिसत असतील तर मुडदूस असू शकतो. चौथा मेटाकार्पल आखूड असेल तर मुलीमध्ये टर्नर सिंड्रोमचा (एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अंशतः नसण्याचा) विचार करावा लागतो, शिवाय स्यूडोहायपोपॅराथायरॉइडिझमचाही (पॅराथायरॉइड संप्रेरकाला शरीर प्रतिसाद न देण्याचा विकार). एपिफिसिस शंकूसारखे, सगळी हाडं आखूड किंवा आकाराने विचित्र असतील तर सांगाड्याचा जन्मजात विकार संभवतो. अशा हाताचं 'वय' काढणंच दिशाभूल करणारं ठरू शकतं, आणि ते रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहावं.

काही गोष्टी मात्र निरुपद्रवी असतात. करंगळीचं मधलं पेर थोडं आखूड असणं, दुसऱ्या मेटाकार्पलच्या मुळाशी खाच दिसणं, हे पुष्कळ निरोगी मुलांत आढळतं. त्या खाचेला फ्रॅक्चर समजू नका. एपिफिसिस कुठे असतो हेही पक्कं करून घ्या: बोटांच्या पेरांना तो मनगटाकडच्या टोकाला असतो, दुसऱ्या ते पाचव्या मेटाकार्पलला बोटांकडच्या टोकाला, आणि अंगठ्याच्या मेटाकार्पलला पुन्हा मनगटाकडे.

टप्पा ओळखा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. खाली दिलेल्या वयाच्या सीमा ढोबळ आहेत, आणि ते हाडांचं वय आहे, मुलाचं नव्हे.

तान्हेपण, म्हणजे मुलींमध्ये साधारण १० महिन्यांपर्यंत आणि मुलग्यांमध्ये १४ महिन्यांपर्यंत. या काळात हातात पाहण्यासारखं फार थोडं असतं. मनगटात पहिल्यांदा कॅपिटेट उमटतं, पाठोपाठ हॅमेट, आणि ही दोन्ही पहिल्या काही महिन्यांतच दिसतात. वर्षाच्या आसपास रेडियसचा एपिफिसिस येतो. एवढ्यावर आकडा काढायचा असल्यामुळे तान्ह्या बाळात हाताचा एक्स-रे कमी भरवशाचा असतो. नवजात बाळात थायरॉइड कमी असल्याची शंका असेल तर गुडघा पाहतात, कारण मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा ठिपका पूर्ण दिवसांच्या बाळात सहसा जन्माआधीच उमटलेला असतो.

पुढे मुलींमध्ये दोन वर्षांपर्यंत आणि मुलग्यांमध्ये तीनपर्यंत मोजणी करायची: किती एपिफिसिस दिसतात? साधारण क्रम असा: बोटांच्या मुळाची पेरं, मग मेटाकार्पल, मग मधली पेरं आणि शेवटी टोकाची. दोन अपवाद पाठच करून ठेवा. अंगठ्याच्या टोकाच्या पेराचा ठिपका लवकर येतो आणि करंगळीच्या मधल्या पेराचा सगळ्यांत उशिरा. मनगटाची हाडं या काळात लक्ष वेधून घेतात, पण त्यांचा क्रम आणि वेळ मुलागणिक बराच बदलतो. ट्रायक्वेट्रम दोन-तीन वर्षांच्या सुमारास, ल्युनेट तीन-चारच्या, स्कॅफॉइड, ट्रॅपिझियम आणि ट्रॅपिझॉइड चार ते सहाच्या दरम्यान, आणि पिसिफॉर्म थेट आठ ते बाराच्या दरम्यान. हा क्रम माहीत असू द्या, पण त्यावर आकडा उभा करू नका.

वयात येण्याआधीची वर्षं, मुलींमध्ये दोन ते सात, मुलग्यांमध्ये तीन ते नऊ. जवळपास सगळे ठिपके आता आलेले असतात, त्यामुळे मोजून काही हाती लागत नाही. आता रुंदी पाहायची. पेराचा एपिफिसिस सुरुवातीला दांड्याच्या टोकापेक्षा बराच अरुंद असतो आणि हळूहळू त्याच्याइतका रुंद होतो. मधल्या बोटाची पेरं घ्या आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: एपिफिसिस दांड्याच्या निम्मा आहे, पाऊण आहे की बरोबरीचा? अल्नाचा एपिफिसिस सहा-सात वर्षांच्या आसपास दिसू लागतो, त्याचीही मदत होते. या टप्प्यातले बदल सावकाश आणि सूक्ष्म असतात. सगळ्यांत जास्त मतभेदही इथेच होतात, म्हणून डोळ्यांच्या अंदाजावर न थांबता पडद्यावर मोजपट्टी लावून रुंदी मोजण्याची सवय लावा.

वयात येण्याचा काळ, मुलींमध्ये साधारण सात ते तेरा, मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा. एपिफिसिस आता दांड्यापेक्षा रुंद होतो आणि त्याच्या कडा दांड्यावर खाली वळतात, जणू टोपी घातली आहे. याला कॅपिंगच म्हणतात. सेसमॉइड याच काळात उमटतं. कॅपिंग दिसतं आहे, पण पट्टी अजून सर्वत्र मोकळी काळी आहे, हे या टप्प्याचं चिन्ह.

त्यानंतर पट्ट्या मिटू लागतात. क्रम बहुधा ठरलेला असतो: टोकाची पेरं, मेटाकार्पल, मुळाची पेरं, मग मधली पेरं. मुलींमध्ये हे साधारण तेरा ते पंधरा, मुलग्यांमध्ये चौदा ते सोळा या काळात घडतं. हाडं जुळायला लागली की वाचणं सोपं होतं, कारण 'मिटली की नाही' याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट असतं.

शेवटी उरतात अल्ना आणि रेडियस. रेडियसची पट्टी सगळ्यांत शेवटी मिटते, मुलींमध्ये सतराच्या सुमारास, मुलग्यांमध्ये एकोणीसच्या. इथे एक सापळा आहे. पट्टी मिटल्यावर तिच्या जागी बारीक पांढरी रेघ राहते, आणि ती मोठेपणीही दिसू शकते. काळी पट्टी म्हणजे उघडी, पांढरी रेघ म्हणजे मिटलेली. दोन्हींत गल्लत करू नका.

आता ॲटलास उघडा

सर्वाधिक वापरला जातो तो ग्रॉयलिक आणि पाईल यांचा ॲटलास. त्याची दुसरी आवृत्ती १९५९ ची आहे. त्यातले एक्स-रे अमेरिकेत ओहायोमधल्या क्लीव्हलंड शहरातल्या सुस्थितीतल्या गोऱ्या मुलांचे, १९३१ ते १९४२ या काळातले आहेत. तुमच्यासमोरचं मूल वेगळ्या वंशाचं, वेगळ्या काळातलं, वेगळ्या पोषणावर वाढलेलं असेल, तेव्हा काही वयांत काही महिन्यांचा फरक पडू शकतो हे मनात असू द्या.

टप्पा ठरलेला असल्यामुळे तुम्हाला तीन-चारच पानं पाहावी लागतील. जवळचं पान काढा, त्याच्या आधीचं आणि नंतरचंही समोर ठेवा, आणि त्या टप्प्याच्या मुख्य हाडांची एकेक करून तुलना करा. पेरं एक वय सांगतात आणि मनगटाची हाडं दुसरं, असं झालं तर पेरांना झुकतं माप द्या. एक्स-रे दोन पानांच्या मधे बसत असेल तर मधला आकडा लिहायला हरकत नाही. पानांमधलं अंतर कुठे तीन महिन्यांचं, तर कुठे वर्षाचं आहे, हे मात्र पाहा.

दुसरी पद्धत टॅनर आणि व्हाइटहाउस यांची. तिची दुसरी आवृत्ती १९७५ ची, तिसरी २००१ ची. रेडियस, अल्ना आणि निवडक मेटाकार्पल-पेरं अशी १३ हाडं घेऊन प्रत्येकाला अक्षराने अवस्था द्यायची, त्या अवस्थेचे गुण मिळवायचे आणि बेरजेवरून वय काढायचं. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक हाडाकडे पाहणं भाग पडतं. नवशिक्याने सुरुवातीला काही एक्स-रे या पद्धतीने जरूर वाचावेत. तुम्ही रोज कोणतीही पद्धत वापरा, पण एका मुलाच्या पाठपुराव्यात पद्धत बदलू नका.

फरक किती म्हणजे जास्त?

हाडांचं वय आणि खरं वय तंतोतंत जुळत नाही, आणि जुळायलाच हवं असंही नाही. शाळकरी वयात प्रमाण विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (निरोगी मुलांत हा फरक साधारण किती पसरलेला असतो त्याचं माप), साधारण १० ते १२ महिन्यांचं असतं. दोन विचलनांच्या आतला फरक सामान्य धरतात. समजा मुलगा १० वर्षं ४ महिन्यांचा आहे, हाडांचं वय ८ वर्षं आलं आणि त्या वयाचं विचलन ११ महिने आहे. फरक २८ महिन्यांचा, म्हणजे अडीच विचलनांहून थोडा जास्त. हाडांचं वय मागे आहे, असं इथे म्हणता येईल. फरक १४ महिन्यांचा असता तर ते सामान्यच. दोन वर्षांच्या बाळात विचलन फक्त काही महिन्यांचं असतं, म्हणून 'एका वर्षाचा फरक चालतो' हा सरसकट नियम लहान मुलांना लावू नका.

रिपोर्ट छोटा असला तरी पूर्ण असावा: लिंग, एक्स-रेच्या दिवशीचं वय, वापरलेली पद्धत, हाडांचं वय, विचलन आणि एका वाक्यात निष्कर्ष. हातात वेगळं काही दिसलं असेल तर तेही. 'हाडांचं वय ८' एवढंच लिहिलेला रिपोर्ट डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नसतो.

आकड्याचा अर्थ

हाडांचं वय मागे असण्याची कारणं अनेक. त्यातलं फार आढळणारं एक म्हणजे आजार नसलेलं 'उशिरा वाढणारं' मूल: वडील किंवा आईही उशिरा वयात आलेली, मूल एरवी निरोगी, पुढे उंची भरून निघते. पण हायपोथायरॉइडिझम, ग्रोथ हॉर्मोनची कमतरता, कुपोषण, सीलिॲकसारखे दीर्घ आजार आणि दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड यांतही हाडं मागे पडतात. उलट आईवडीलच बुटके असल्यामुळे मूल बुटकं असेल तर हाडांचं वय सहसा खऱ्या वयाच्या जवळच असतं. वय पुढे असेल तर लवकर वयात येणं, जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लेशिया (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात विकार), हायपरथायरॉइडिझम यांचा विचार होतो. लठ्ठ मुलांतही ते थोडं पुढे असतं. यांपैकी कोणतं कारण आहे हे एक्स-रे सांगत नाही. ते मुलाची तपासणी, वाढीचा आलेख आणि रक्ताच्या चाचण्या ठरवतात.

मोठेपणीच्या उंचीचा अंदाज बेली-पिनो तक्त्यांवरून काढता येतो. हाडांचं वय १० असलेल्या आणि खऱ्या वयाशी जुळणाऱ्या मुलग्याने आपल्या अंतिम उंचीच्या साधारण ७८.४ टक्के गाठलेली असते. म्हणजे आज १३० सेंटीमीटर असेल तर अंदाज सुमारे १६६ येतो. पालकांना हा आकडा सांगताना काही सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच हेही सांगा, नाहीतर तो आकडा त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं पक्का बसतो.

एका गोष्टीत ठाम राहा. हाडांच्या वयावरून कोणाची जन्मतारीख सिद्ध होत नाही. पूर्ण निरोगी मुलांतही दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांपर्यंत फरक असू शकतो. खेळातल्या वयोगटासाठी किंवा कायद्याच्या कामासाठी कोणी नेमकं वय विचारलं तर आकड्याबरोबर ही मर्यादाही लेखी द्या. मुलाचं पुढचं आयुष्य त्यावर अवलंबून असू शकतं.

संगणकाची मदत

आता सॉफ्टवेअर हे काम चांगलं करतं. २०१७ साली उत्तर अमेरिकेच्या रेडिऑलॉजी संघटनेने चौदा हजारांहून अधिक हातांचे एक्स-रे घेऊन स्पर्धा भरवली, तेव्हा सर्वोत्तम प्रणालींचा सरासरी फरक तज्ज्ञांच्या आकड्यापासून चार महिन्यांच्या आसपास होता. माणसा-माणसांतही एवढा फरक असतोच. तरीही सॉफ्टवेअरने वय दिलं म्हणून मुडदूस किंवा आखूड मेटाकार्पल ते सांगेलच असं नाही. एक्स-रे स्वतः उघडून पाहा.

सराव कसा करावा

खरं वय झाकून वाचलेला आकडा वहीत नोंदवा, सोबत कोणत्या हाडावरून ठरवला तेही लिहा. काही आठवड्यांनी तेच एक्स-रे पुन्हा वाचा आणि दोन आकड्यांत किती अंतर पडलं ते पाहा. मग अनुभवी माणसाच्या आकड्याशी ताडा. मतभेद झाला तर आकड्यावर वाद न घालता कोणत्या हाडाची अवस्था वेगळी दिसली ते विचारा.

पाठपुराव्यात दोन एक्स-रेंमध्ये किमान सहा महिने, शक्यतो वर्षभराचं अंतर असू द्या. त्याहून लवकर काढलेल्यात झालेला बदल आपल्या वाचण्यातल्या फरकाएवढाच असतो. नवा एक्स-रे आला की जुना शेजारी लावा आणि जुना आकडाही स्वतः पुन्हा वाचा. आधीच्या वाचकाने मनगटाच्या हाडांवर भर दिला असेल आणि तुम्ही पेरांवर, तर मूल न बदलताही हाडांचं वय सहा महिन्यांनी पुढे-मागे दिसू शकतं, आणि त्यावरून औषध सुरू किंवा बंद होऊ शकतं.